शेवटच्या नळाची चाचणी

मंगळवारी संध्याकाळी मुलाने टेबलावर फॉर्म ठेवला, फॉर्मवर पेन ठेवले आणि पेनाचे टोपणही स्वतःच काढून दिले. डोसबाईंनी टोपण उचलले आणि पेनाला परत लावले.

"आई, नुसती सही करायची आहे."

"नुसती सही असं काही नसतं. चौतीस वर्षं सह्या केल्यात मी. प्रत्येक सहीखालून काहीतरी वाहत जातं आणि लोकांच्या पोटात पोचतं."

हे त्या अक्षरशः खरे बोलत होत्या. तंत्रनिकेतनातून रसायनाची पदविका घेऊन त्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत पाण्यात क्लोरीन किती सोडायचा हे ठरवत राहिल्या. कमी पडला तर शहराला जुलाब, जास्त झाला तर शहराला विष. या दोन टोकांच्या मधली चिंचोळी वाट त्यांनी रोज तीन वेळा चालून काढली होती. डोसबाई हे नाव तिथल्याच माणसांनी ठेवले. पुढे ते गल्लीत पोचले, मग घरात, आणि आता तर पोस्टमनही पाकिटावरचे नाव न वाचता "डोसबाई, टपाल" असे ओरडत असे.

फॉर्म त्यांच्या यजमानांचा होता. यजमान त्याच केंद्रात पंपघराचे फिटर होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. पंपाच्या अंगाला कान लावून कुठले बेअरिंग जाणार आहे आणि कुठल्या आठवड्यात जाणार आहे, हे सांगणारा माणूस. तोच माणूस गेले दोन महिने वार विसरत होता, तांब्या भरभरून पाणी पीत होता, खाल्लेले उलटून टाकत होता आणि दुपारच्या वेळी पायजमा घालून कामावर निघायच्या गोष्टी करत होता. डॉक्टरांनी पाच मिनिटांत निदान केले: वय झाले, स्मरणशक्ती चालली. मुलाने धावपळ करून एका काळजी केंद्राच्या विस्मरण विभागात खाट मिळवली. खाट शुक्रवारी दुपारी बारापर्यंत राखून ठेवलेली होती, आणि फॉर्मवर पत्नीची सही लागत होती.

"परवा त्यांनी गॅस तसाच चालू ठेवला," मुलगा म्हणाला. "मी ऑफिसात, ही ऑफिसात, तू सत्तरीची. उद्या काही झालं तर?"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा आवाज खाली आला. "आई, मलाही बरं वाटत नाहीये हे. पण रात्री ते पाच-पाच वेळा उठतात. तुम्ही पडाल एक दिवस त्यांना धरताना."

"मी पडले तर उठेन. ते काम मला येतं." बाईंनी फॉर्मची घडी केली. "मला एक सांगा दोघं. नदीचं पाणी एका रात्रीत गढूळ झालं, तर नदी म्हातारी झाली असं आम्ही म्हणायचो का? वरच्या अंगाला काय येऊन पडलंय ते बघायला जायचो. दोन महिन्यांमागे हा माणूस शेजारच्यांची शिलाई मशीन दुरुस्त करत होता. दोन महिन्यांत कोणी एवढं म्हातारं होत नाही."

"डॉक्टर म्हणाले, काहींचं झपाट्यानं होतं."

"डॉक्टरांनी पाण्यात बोट तरी घातलं का?"

मुलाने कपाळाला हात लावला. "शुक्रवार, आई. बारा वाजता. नंतर ती खाट दुसऱ्याला जाईल."

"जाऊ दे. खाट आमच्याकडेही आहे."

बुधवारी सकाळी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर बाई कागद घेऊन टेबलाशी बसल्या. कामाची पद्धत ठरलेली होती: बिघाड झाला की आधी आत काय काय जाते त्याची यादी करायची. मिस्त्रींच्या पोटात जाणारी प्रत्येक वस्तू त्या लिहू लागल्या. रक्तदाबाची गोळी, सकाळी एक. झोपताना अर्धी. सून दुधातून देते ती हाडांची पावडर. आणि आठवड्याची डी-जीवनसत्त्वाची कॅप्सूल, साठ हजार युनिटची, दर रविवारी.

ही कॅप्सूल पाच महिन्यांपूर्वी सुरू झाली होती. मिस्त्रींचे गुडघे आणि मांड्या दुखत होत्या. त्याच डॉक्टरांनी रक्त तपासले, डी फारच कमी निघाले. आठवड्याला एक, आठ आठवडे, असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिले. आठ आठवडे झाल्यावर बाई चिठ्ठी घेऊन परत गेल्या आणि म्हणाल्या, आता पुन्हा तपासून बघू. डॉक्टर हसले होते. "अहो, व्हिटॅमिन आहे, विष नाही. चालू ठेवा. उगाच सुई कशाला टोचायची?" बाई घरी आल्या आणि चालू ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चाचणी न करता मात्रा दिली होती. त्या ओळीपाशी त्यांचे पेन थांबले.

थांबले त्याला आणखी एक कारण होते. टेबल डुगडुगत होते. घरातली कुठलीही वस्तू डुगडुगू लागली की मिस्त्री तिच्या पायाखाली पत्र्याचे पातळ पॅकिंग सरकवत. त्यासाठी त्यांचा एक डबा होता. औषधांच्या रिकाम्या पट्ट्यांचा चंदेरी पत्रा त्यांना फार प्रिय. हवा तेवढा पातळ, कात्रीने कापला जातो, गंजत नाही. घरातल्या कोणालाही रिकामी पट्टी फेकून द्यायची परवानगी नव्हती. बाई स्वतःही आपल्या हातातल्या रिकाम्या पट्ट्या इमानाने त्या डब्यात टाकत आल्या होत्या.

त्यांनी डबा काढला, झाकण उघडले आणि टेबलाचा पाय विसरून गेल्या.

कॅप्सूलच्या पट्ट्या वेगळ्या ओळखू येत होत्या. एका पट्टीत चार खळगे, मागे नारिंगी पट्टा. त्यांनी त्या एकेक काढून टेबलावर ओळीने मांडल्या. सोळा झाल्या. कपाटातल्या चालू पट्टीत दोन खळगे फुटलेले होते. सोळा चोक चौसष्ट आणि दोन. सहासष्ट.

पाच महिन्यांत आठवडे झाले होते बावीस.

बाईंनी पुन्हा मोजले. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले. बेरीज आपल्याला आवडेल अशी करता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी माणूस करून बघतो.

मिस्त्री आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. ओठ सुकलेले, हातात पाण्याचा पेला.

"अहो, ही नारिंगी पट्ट्याची कॅप्सूल तुम्ही स्वतः घेत होतात का?"

त्यांनी पट्टीकडे बराच वेळ पाहिले. त्या दिवसांत त्यांचे बोलणे जुन्या रेडिओसारखे झाले होते. मधेच खरखर, मधेच एखादे स्टेशन स्वच्छ लागायचे. नशिबाने त्या क्षणी स्टेशन लागले.

"रविवारी सकाळी. दुधाबरोबर. माझी मी."

"मग औषधांच्या वहीत का नाही लिहिलंत?"

"तुझ्या वहीत सही करायला मी काय पंप आहे? किती वाजता सुरू, किती वाजता बंद!"

"पण आठवड्याला तीन पडतात. बाकीच्या?"

मिस्त्री हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "एका गोळीनं एक गुडघा सुटला. गुडघे किती? दोन. मग गोळ्या किती?" त्यांनी दोन बोटे वर केली. "फार्मसीवाल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवली. देतो तो. भला माणूस आहे." मग पुन्हा खरखर सुरू झाली आणि त्यांनी विचारले, "आज पाळी कुठली आहे आपली?"

बाई फ्रिजपाशी गेल्या. तिथे खिळ्याला वही टांगलेली होती. ती त्यांनी केंद्रातल्या नोंदवहीसारखीच आखली होती: तारीख, वेळ, औषध, देणाऱ्याची सही. पहिल्या पानावर त्यांच्याच वळणदार अक्षरात केंद्राचा जुना नियम लिहिला होता: नोंद नाही म्हणजे दिले नाही.

पाळी बदलताना हा नियम सोन्यासारखा होता. गेलेल्या पाळीने क्लोरीन सोडला की नाही असा संशय आला, वहीत सही नसली, तर येणाऱ्याने सोडायचा. चुकून दोनदा सुटला तरी तासाभरात शहराच्या टोकाच्या, सगळ्यात लांबच्या नळाचे पाणी तपासले जायचे. नळीत थेंब टाकले की रंग यायचा. रंग गडद दिसला की मात्रा कमी करायची. नियम धाडसी होता, कारण त्याच्या मागे शेवटच्या नळाची चाचणी उभी होती.

घरी त्यांनी नियम आणला आणि चाचणी तिकडेच ठेवून आल्या.

दर रविवारी संध्याकाळी त्या वही बघत. मिस्त्रींची सही नाही. म्हणजे दिले नाही. मग झोपतानाच्या अर्ध्या गोळीसोबत त्या कॅप्सूल मुठीतून देत आणि मिस्त्री, ज्यांनी ती सकाळीच घेतलेली असे, मूठ तोंडात रिकामी करत. बायकोच्या मुठीतले औषध बघायचे नसते, असे ते पन्नास वर्षे म्हणत आले होते. गोळ्या गिळून झाल्या की बाई ठसठशीत सही करत. बावीस रविवार, बावीस सह्या. एकही खाडाखोड नाही.

त्या स्टुलावर बसल्या. पाच मिनिटे बसल्या. मग उठून कपाटातले कॅप्सूलचे खोके उघडले, आत घडी घातलेला माहितीपत्रकाचा कागद होता तो सरळ केला आणि मिस्त्रींचे भिंग घेऊन मुंगीएवढी अक्षरे वाचायला घेतली. जास्त मात्रा गेल्यास, असा एक परिच्छेद तळाशी होता. रक्तातले कॅल्शियम वाढते. अतिशय तहान. वारंवार लघवी. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ. अशक्तपणा. गोंधळलेली मनःस्थिती.

एका जाणत्याने मिस्त्रींच्या समोर बसून लिहावे तसे ते लिहिले होते.

चार वाजता शेजारणीला मिस्त्रींजवळ बसवून बाई डबा काखेत घेऊन दवाखान्यात पोचल्या. डॉक्टर चाळिशीतले, गोड बोलणारे, घड्याळाकडे तिरप्या डोळ्याने बघायची सवय लागलेले.

"या आजी. आजोबांचं केंद्रात जायचं ठरलं ना? चांगलं झालं."

"आजी मी माझ्या नातवंडांची. तुमची मी पेशंटची बायको." त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. चंदेरी पट्ट्या खळखळत पसरल्या. "सहासष्ट कॅप्सूल. बावीस आठवड्यांत. शिवाय रोज दुधातून हाडांची पावडर, तिच्यातही डी आणि कॅल्शियम. यांचं कॅल्शियम तपासायचं आहे. आणि डी."

डॉक्टरांनी पट्ट्यांकडे पाहिले, मग बाईंकडे. "मोजण्यात काही गडबड झाली असेल."

"मोजण्यात नाही. मोजणं माझा धंदा होता. गडबड देण्यात झालीय, आणि ती माझी आहे. तपासणी लिहा."

"बाई, मी रोज डझनभर लोकांना ही कॅप्सूल देतो. एवढ्यानं काही होत नाही. तुम्हाला त्यांचं जाणं सहन होत नाहीये, मी समजू शकतो. माणूस मग कशाचा तरी आधार शोधतो."

"मी आधार शोधत नाहीये, आकडा शोधतेय. तुमचंच निदान खरं असेल तर आकडा बरोबर येईल. मग मी तुमच्यासमोर त्या फॉर्मवर सही करेन आणि तुमची क्षमा मागेन. आकड्याला घाबरायचं तुम्हाला काय कारण?"

"घाबरायचा प्रश्न नाही. बाहेर लोक थांबलेत."

"मलाही दिसतायत." बाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि पर्स मांडीवर ठेवली. "मी एकदा महापौरांच्या माणसाला चार तास बसवून ठेवलं होतं. उद्घाटन होतं, त्यांना नळ सुरू करायचा होता आणि माझ्या नळीत रंग येत नव्हता. चार तास. शेवटी रंग आला तेव्हाच पाणी सुटलं. तुमचा दवाखाना किती वाजेपर्यंत असतो?"

दारातून एका बाईने डोके आत घालून विचारले, "आमचा नंबर कधी येणार?"

"डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले की लगेच," डोसबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले. लिहिताना त्यांचा कान लाल झाला होता; पण लिहिले.

गुरुवारी सकाळी रक्त दिले. प्रयोगशाळेतल्या मुलीने मिस्त्रींच्या दंडाला पट्टा आवळला तेव्हा ते म्हणाले, "पोरी, गळती दिसली तर आधी व्हॉल्व्ह बंद कर." मुलगी हसली. बाईंना हसू आले नाही. त्यांनी घरातली पावडर, कॅप्सूल आणि उरलेसुरले सगळे आदल्या संध्याकाळीच कुलपात घातले होते. सुनेने कारण विचारले, तेव्हा त्यांनी नुसते "उद्या सांगते" म्हटले. कच्चा आकडा त्या कधीच कोणाला सांगत नसत.

शुक्रवार उजाडला. अकरा वाजता मुलाने गाडी दारात लावली. मिस्त्रींचे चार कपडे, टॉवेल, चपला, दाढीचे सामान एका बॅगेत भरलेले होते. बॅग दिवाणखान्याच्या मध्यभागी उभी होती.

बाई तिच्यावर बसलेल्या होत्या.

"आई, ऊठ."

"रिपोर्ट येऊ दे."

"तो तिकडेही येईल. मी फोन नंबर देऊन ठेवलाय."

"तिकडे आला तर तो फाइलीत जाईल. इथे आला तर माझ्या हातात येईल."

"आई, तू हट्ट करतेयस."

"हो. नीट बघून घे. तुझ्या बारशापासून तू म्हणतोयस आई ऐकून घेते. आज नाही ऐकत."

"बारशाला मी बोलत नव्हतो."

"रडून सांगत होतास."

सुनेला हसू फुटले आणि लगेच तिचे डोळे भरले. मुलगा खुर्चीत बसला आणि त्याने चेहरा दोन्ही हातांनी चोळला. "तुला काय वाटतं, मला त्यांना पाठवायचंय? मला रात्री झोप लागत नाही. दर वेळी त्यांची काठी आपटली की मी दचकतो. मी थकलोय, आई."

बाईंचा आवाज उतरला, पण त्या बॅगेवरून उठल्या नाहीत. "ठाऊक आहे मला. तू वाईट नाहीस. तुला चुकीचा आकडा दिलाय कोणीतरी, आणि तू त्यावर गणित करतोयस."

पावणेबाराला फोन वाजला. बाईंनी तो उचलला. प्रयोगशाळेतून बोलत होते, घाईने. कॅल्शियम इतके वर होते की त्यांनी नमुना दोनदा तपासला होता. डी-चा अहवाल दोन दिवसांनी येईल, पण त्यासाठी थांबू नका. पेशंटला आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात न्या. हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

बाईंनी आकडा दोनदा विचारला, दोनदा उच्चारला, हातावर लिहून घेतला. मग उठल्या.

"बॅग उचल," त्या मुलाला म्हणाल्या. "गाडी लावलीयस ते बरं झालं."

रुग्णालयात मिस्त्रींना सलाइन लावले. तिथली डॉक्टर तरुण होती, केस घट्ट बांधलेली, प्रश्न थेट विचारणारी. "एवढं डी कोणी दिलं यांना?"

मुलाने तोंड उघडले. तो काय म्हणणार हे बाईंना कळले: बाबांनी स्वतःच घेतले, विसरून. म्हाताऱ्यावर ढकलले की सगळे सुटतात.

"बावीस मी दिल्या," बाई म्हणाल्या. "माझ्या सहीनं. चव्वेचाळीस यांनी स्वतः घेतल्या, पण शुद्धीत, हिशेब करून. हिशेब चुकीचा होता, डोकं नव्हे. आणि पहिले आठ आठवडे संपल्यावर पुढे चालू ठेवा असं सांगणारे एक डॉक्टर आहेत."

"आई, कशाला आता..." मुलगा पुटपुटला.

"आता नाही तर कधी? लिहू दे तिला."

"आणि पावडर माझी," सून एकदम म्हणाली. "रोज दोन चमचे. डब्यावर एक लिहिलंय. मला वाटलं, हाडांसाठी आहे, जास्त दिलेलं काय वाईट." तिने नाक ओढले. बाईंनी तिचा हात धरला.

डॉक्टरने सगळे लिहून घेतले. "प्रत्येकानं थोडं थोडं," ती म्हणाली. "आमच्याकडे असेच येतात. एकट्यानं एवढं कोणी देत नाही."

"हे उतरायला किती दिवस?"

"कॅल्शियम काही दिवसांत उतरेल. डी-ला महिने लागतील. ते शरीरातल्या चरबीत साठतं."

"म्हणजे टाकीला वरून भरायची वाट आहे, खालून नळ नाही."

डॉक्टरने क्षणभर विचार केला. "अगदी बारीक गळती आहे, एवढंच. म्हणून तर आधी मोजायचं असतं."

"हे वाक्य मी तीन महिन्यांपूर्वी म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि मग मूग गिळून बसले. तो भाग तुमच्या कागदात येणार नाही, पण मी विसरणार नाही."

दोन दिवसांनी डी-चा अहवाल आला. आकडा नव्हताच, यंत्राच्या मोजपट्टीच्या वर, एवढेच लिहिले होते. बाईंनी तो कागद वहीत चिकटवला.

पहिले तीन दिवस मिस्त्री झोपूनच होते. चौथ्या दिवशी त्यांनी पाणी मागितले नाही, हे बाईंच्या लक्षात आले. पाचव्या दिवशी सूप पोटात राहिले. सहाव्या दिवशी सकाळी मुलगा खाटेशी वर्तमानपत्र वाचत उभा होता आणि बाई सफरचंद कापत होत्या, तेव्हा मिस्त्रींनी डोळे उघडले, दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या आणि अंग इकडून तिकडे हलवून पाहिले.

"डुगडुगतीय," ते म्हणाले. "डाव्या बाजूचा पाय. अर्धा मिलीमीटर. माझा डबा कुठाय?"

मुलाच्या हातातले वर्तमानपत्र खाली आले. "बाबा, आज वार कुठला?"

"मला काय विचारतोस, हातात पेपर आहे ना तुझ्या? वाचता येतं की विसरलास?"

मुलगा खिडकीकडे वळला. बाईंनी सफरचंदाची फोड नवऱ्याच्या हातात दिली. त्यांनी ती आधी उलटून पालटून पाहिली आणि मगच तोंडात टाकली.

"आता बघून खाता वाटतं माझ्या हातचं?"

"पोरगा सांगत होता काल. अर्धवट झोपेत ऐकलं. बावीस तू दिल्यास म्हणे."

"दिल्या."

"चव्वेचाळीस मी घेतल्या."

"घेतल्या."

"म्हणजे मीच पुढे," मिस्त्री म्हणाले आणि पुढच्या फोडीसाठी हात पुढे केला.

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा त्या पहिल्या डॉक्टरांसमोर बसल्या. मुलगा म्हणाला होता, जाऊ दे, झालं गेलं. बाई म्हणाल्या होत्या, तुझे बाबा गेले असते तर तू असं म्हणाला असतास का? त्याने गाडी काढली.

बाईंनी एक कागद डॉक्टरांपुढे ठेवला. केंद्रात मात्रा चुकली की जो अहवाल लिहीत, त्याच धर्तीचा. वर तारखा. मग काय घडले. मग चूक कोणाची, क्रमाने.

पहिली ओळ त्यांची स्वतःची होती: चाचणी हाताशी नसताना, नोंद नाही म्हणजे दिले नाही हा नियम लावला, बावीस वेळा. खाली सही. दुसरी ओळ मिस्त्रींची: नोंद करण्यास नकार, मनाने मात्रा दुप्पट. खाली वाकडीतिकडी, पण ठाम सही; आयुष्यात बायकोच्या कागदावर केलेली पहिली. तिसरी सुनेची. चौथी औषधाच्या दुकानदाराची. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा दिले, असे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. बाई त्याच्या गल्ल्यासमोरही अशाच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

पाचव्या ओळीची जागा कोरी होती.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले. "तक्रार करणार आहात?"

"तक्रार करायची असती तर मी पहिली ओळ माझी लिहिली नसती. तुमच्याकडे रोज डझनभर लोक ही कॅप्सूल घेऊन जातात, तुम्हीच सांगितलंत. त्यातल्या किती जणांचं आठ आठवड्यांनी पुन्हा तपासता?"

डॉक्टरांनी कोऱ्या ओळीकडे पाहिले.

"म्हणून जागा सोडलीय. मी भरू शकले असते. पण दुसऱ्याच्या पाळीची नोंद आपण करायची नसते."

बाहेर कोणीतरी खोकले. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले नाही. कागद स्वतःकडे ओढला, सगळ्या ओळी वाचल्या, पहिली पुन्हा वाचली.

"तुम्ही भयंकर बाई आहात," ते म्हणाले.

"शहरभर पाणी प्यायलेत लोक माझ्या हातचं. अजून कोणी मेलं नाही. एक मरायला टेकला होता, तोही घरचाच."

डॉक्टरांनी पेनाचे टोपण काढले. काय लिहावे याचा त्यांनी जरा वेळ विचार केला. मग लिहिले, थोडके, आणि खाली सही केली. बाईंनी चष्मा चढवून वाचले, एक शब्द दुरुस्त करून घेतला, एक प्रत त्यांच्यासाठी टेबलावर ठेवली आणि उठल्या.

बाहेर दवाखान्याच्या पायरीवर मिस्त्री भर उन्हात पाय पसरून बसले होते. मुलाने सावलीतली खुर्ची दाखवली होती. त्यांनी ती नाकारली होती.

"अहो, सावलीत या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, सध्या ऊनही बेतानं."

"ऊन पण तू मोजणार?"

"मोजणार."

"सूर्याच्या वहीत सही कोण करतं मग?" मिस्त्रींनी हात धरायला पुढे केला, पण जागचे हलले नाहीत. "किती मिनिटं चालतील ते आधी सांग. मग उठतो."

बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. घरी फ्रिजपाशी टांगलेल्या वहीच्या पहिल्या पानावरचा जुना नियम त्यांनी एका सरळ रेघेने खोडला होता आणि खाली नवा लिहिला होता: नोंद नसेल तर आधी विचारा.

"कधी बसलात?" त्यांनी विचारले.

"दहा मिनिटं झाली."

"मग उठा."

मिस्त्री आणखी एक मिनिट बसले, आणि मग उठले.